हाताखाली हात

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या माणसाला जेवायला मदत करण्याची एक खास पकड आहे. मदतनीस त्या व्यक्तीच्या उजव्या हाताशी, साधारण तिच्याच दिशेला तोंड करून बसते. हात मिळवायला पुढे करावा तसा आपला उजवा हात पुढे करते. समोरून तो सवयीने धरला जातो. मग तळव्याला तळवा तसाच ठेवून ती आपला हात हलकेच खाली वळवते. दोघांचे अंगठे एकमेकांत अडकलेले राहतात, मदतनिसाची पहिली दोन बोटं मोकळी होतात आणि त्या बोटांत ती चमचा धरते. चमचा पेलण्याचं नाजूक काम खालच्या हाताचं. ताटापासून तोंडापर्यंत मात्र दोन्ही हात मिळून जातात, आणि वरचा हात जेवणाऱ्याचा असतो.

यापुढे अनेकदा जे घडतं ते खरोखर पाहण्यासारखं असतं. समोरच्या वस्तूला चमचा म्हणतात हे ज्यांना सांगता येत नाही, पोटच्या मुलीचं नाव आठवत नाही, त्यांचा हात तोंडाच्या दिशेने निघाला की ओठ आपोआप उघडतात. खांदा, कोपर, मनगट यांना ही वाट पाठ असते. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात नव्या घटना आणि नावं साठवणारा मेंदूचा भाग आधी ढासळतो. हालचालींची सवय सांभाळणारे भाग त्यामानाने उशिरापर्यंत शाबूत राहतात. ऐंशी वर्षं रोज केलेलं काम शरीर इतक्या सहजी सोडत नाही.

टीपा स्नो या अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी आपल्या प्रशिक्षणांतून ही पकड हजारो काळजीवाहकांपर्यंत नेली. पण ती एका मोठ्या गोष्टीचा छोटासा भाग आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत स्कॉटलंड, स्वीडन, तैवान आणि अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधकांनी घास भरवण्याच्या कामाचा बारकाईने अभ्यास केला. वृद्धांनी कायम मुक्कामाला राहण्याच्या शुश्रूषागृहांत हे काम सगळ्यांत कमी पगाराच्या, सगळ्यांत कमी शिकवलेल्या माणसांकडे असतं. ते शिकवता येतं, मोजता येतं आणि नीट केलं तर माणूस जास्त जेवतो, हे या अभ्यासांनी दाखवून दिलं. वैद्यकाच्या झगमगत्या शोधांच्या यादीत हे कुठे दिसणार नाही. माझ्या मते ते तिथे असायला हवं.

या प्रश्नाचा आवाका किती, हे २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासातून कळतं. सुझन मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन परिसरातल्या २२ शुश्रूषागृहांमधल्या, स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्या ३२३ जणांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं. त्या काळात निम्म्याहून अधिक लोक वारले. न्यूमोनिया ४१ टक्के लोकांना झाला, तापाचे प्रसंग ५३ टक्क्यांत आले, आणि खाण्याचा त्रास सुरू झाला तो ८६ टक्के लोकांना. तो सुरू झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ३९ टक्के लोक दगावले. स्मृतिभ्रंशाबद्दल बोलताना आपण विसरण्याबद्दल बोलतो. हा आजार प्राणघातक आहे आणि त्याचा शेवटचा रस्ता बहुधा ताटावरून जातो, हे फार थोड्या कुटुंबांना आधी सांगितलं जातं.

निरोगी माणसाला जेवण ही एकच क्रिया वाटते. आजारात ती सुटी सुटी होते आणि तिचा कुठलाही दुवा तुटू शकतो. पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात दिसतच नाही, कारण रंगांतला फरक टिपण्याची नजर क्षीण झालेली असते. दिसला तरी ते अन्न आहे हे उमगत नाही. उमगलं तरी सुरुवात कशी करायची ते सुचत नाही; माणूस भूक लागलेली असूनही ताटापुढे नुसता बसून राहतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की याला जेवायचं नाही. पहिला घास कुणी सुरू करून दिला तर पुढचे चार-पाच तो स्वतः घेतो, मग पुन्हा थांबतो. कुणी बाजूने मोठ्याने बोललं, टीव्ही लागला, की लक्ष तुटतं आणि चमचा हवेतच राहतो. पुढच्या अवस्थेत तोंडात घेतलेला घास गालात धरून ठेवला जातो. चावणं चालू राहतं, गिळणं होत नाही.

गिळण्याचा घशातला टप्पा जेमतेम एका सेकंदाचा. तेवढ्यात मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्यावरची झडप झुकते, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं वरचं दार उघडतं. यातलं काहीही थोडं उशिरा झालं तर अन्नाचा अंश श्वासमार्गात जातो. तरुण माणसाला जोराचा ठसका लागतो आणि सगळं बाहेर येतं. आजारी वृद्धाला पुष्कळदा ठसकाही लागत नाही. फक्त आवाज ओलसर, घरघरल्यासारखा होतो. प्रशिक्षणात मदतनिसाला हा आवाज ओळखायला शिकवतात. प्रत्येक घासानंतर गळ्याचा पुढचा भाग वर जाऊन खाली येताना पाहायचा, आणि तो दिसल्याशिवाय पुढचा चमचा उचलायचा नाही, हेही शिकवतात.

नकाराचं प्रकरण याहून अवघड आहे. मान फिरवणं, ओठ घट्ट मिटणं, थुंकणं, हात झटकणं ही सगळी वागणूक 'हट्टीपणा' या एका शब्दात गुंडाळली जायची. एडिनबरामध्ये काम करणाऱ्या रॉजर वॉटसन या परिचर्या-संशोधकाने १९९०च्या दशकात तिची मोजपट्टी बनवली. जवळ बसून लक्ष ठेवावं लागतं का, हाताने मदत लागते का, अन्न सांडतं का, ताटात उरतं का, माणूस खायला नाकारतो का, मान वळवतो का, तोंड उघडत नाही का, थुंकतो का, तोंड उघडं राहून घास बाहेर पडतो का, गिळायला नकार देतो का अशी दहा निरीक्षणं, आणि प्रत्येकाला 'कधीच नाही', 'कधीकधी', 'वारंवार' असे शून्य ते दोन गुण. वीसपैकी जितके जास्त गुण, तितका त्रास जास्त. अकरावा प्रश्न माणसाला किती मदत लागते याची नोंद घेतो. ही साधी यादी आज जगभर वापरात आहे, आणि तिचा खरा उपयोग गुणांपेक्षा तिच्या नजरेत आहे. सांडणं ही हाताची अडचण, गिळायला नकार ही कदाचित घशाची अडचण, मान वळवणं ही कदाचित 'थोडं थांबा' अशी सूचना. यादी भरणाऱ्या मदतनिसाला या गोष्टी वेगवेगळ्या दिसू लागतात.

त्याआधी १९८०च्या दशकात स्वीडनमधल्या उमेओ इथे आस्त्रिद नोरबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वेगळ्या बाजूने हाच प्रश्न हाताळला होता. ज्याला बोलून काही सांगता येत नाही त्याने तोंड मिटलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? भूक नाही, गिळता येत नाही, दुखतं आहे, की आता जगायचं नाही? रोज नवी मदतनीस भरवायला आली तर तिला काहीच अंदाज येत नाही. त्यांनी तीच मदतनीस त्याच रुग्णापाशी ठेवून पाहिलं, तेव्हा तिला त्या माणसाच्या बारीकसारीक खुणा वाचता येऊ लागल्या. भुवई किंचित उचलणं, जीभ पुढे येणं, श्वास रोखणं यांतून एकमेकांची भाषा जमत गेली. ज्या संस्थांत ठरलेली माणसं ठरलेल्या रहिवाशांपाशी ठेवायची पद्धत नाही, तिथे कितीही चांगलं प्रशिक्षण अर्धंच लागू पडणार, असा याचा सरळ अर्थ मी घेते.

आता परत हाताकडे. भरवण्याच्या तीन पद्धती प्रशिक्षणात वेगळ्या करून शिकवतात. पहिल्या पद्धतीत मदतनीस स्वतःच चमचा धरून भरवते आणि रुग्णाचा हात मांडीवर राहतो. दुसऱ्या पद्धतीत चमचा रुग्णाच्या हातात देऊन मदतनीस वरून त्याचा हात धरते. तिसरी सुरुवातीला सांगितलेली, हाताखाली हात. मेलिसा बॅचेलर यांच्या गटाने अमेरिकेतल्या ११ शुश्रूषागृहांमधल्या ३० जणांवर या तिन्ही पद्धती वापरून पाहिल्या आणि २०१७ साली निष्कर्ष मांडले. पहिल्या पद्धतीत सरासरी ६७ टक्के जेवण पोटात गेलं, हाताखाली हात ठेवून ६५ टक्के, आणि वरून हात धरल्यावर ६० टक्के. मान फिरवणं, तोंड मिटणं असले प्रकारही वरून हात धरल्यावर सगळ्यांत जास्त झाले. वेळ तिन्ही पद्धतींत सारखाच, जेवणागणिक चाळीस मिनिटांहून थोडा अधिक लागला.

आकड्यांतला फरक लहान दिसतो. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीत बदललं काय, एवढंच पाहा: तेच दोन हात, तोच चमचा, फक्त वरचा हात खाली गेला. आपल्या हातावर दुसऱ्याचा हात येऊन तो नेईल तिकडे जावं लागणं कुणालाच रुचत नाही. ज्याला हा कोण आणि का धरतो आहे हेच कळत नाही, त्याला तर ती जबरदस्तीच वाटणार. आपला हात वर असेल तर तो केव्हाही काढून घेता येतो. तोंडाशी आलेला चमचा नको असेल तर वरचा हात थांबतो, आणि खालच्या हाताला ते लगेच कळतं. बोलणं संपलेल्या माणसापाशी 'हो' आणि 'नको' म्हणण्याचं साधन उरावं, ही या पकडीची खरी किमया आहे.

थेट भरवण्यातही कसब असतं, आणि ते पाहताना आपण आजवर किती बेफिकिरीने भरवत आलो हे लक्षात येतं. मदतनीस उभी राहत नाही, डोळ्याला डोळा भिडेल इतक्या उंचीवर बसते. उभ्याने भरवलं की रुग्ण मान वर करतो, हनुवटी उचलली जाते आणि श्वासाची वाट उघडी पडते. छोटा चमचा, तोही पूर्ण न भरलेला, समोरून आणि किंचित खालून येतो, म्हणजे तो दिसतो आणि मान जरा झुकलेलीच राहते. चमचा जिभेच्या मध्यावर अलगद टेकवला की ओठ मिटण्याची प्रतिक्रिया जागी होते. मग तो सरळ बाहेर घ्यायचा. वरच्या दातांवर घासून रिकामा करायचा नाही, कारण त्याने पुन्हा मान मागे जाते. सगळे पदार्थ एकत्र कालवून लगदा करायचा नाही. वरण, भाजी, गोड यांची चव वेगळी राहू द्यायची आणि आता काय येतंय ते सांगायचं. जेवताना पाठ शक्य तितकी सरळ, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

हे सगळं पुस्तकातून येत नाही. म्हणून अनेक प्रशिक्षणांत शिकणाऱ्यांना एकमेकींना भरवायला लावतात. एकीने डोळ्यांवर पट्टी बांधून मागे रेलून बसायचं, दुसरीने तिच्याशी न बोलता, उभ्याने, घाईघाईने घास द्यायचे. मग जागा बदलायच्या. पुढचा चमचा कधी येणार, त्यात काय असणार, आधीचा गिळून व्हायच्या आत येणार का, ही धास्ती तिला दोन मिनिटांत स्वतःच्या घशात जाणवते.

अशा शिकवणीचा परिणाम नीट तपासणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक तैवानमध्ये झाला. चांग आणि ली-चान लिन यांनी स्मृतिभ्रंशाच्या दोन विशेष विभागांतल्या मदतनिसांपैकी एका गटाला वर्गात आणि मग प्रत्यक्ष जेवणाच्या वेळी भरवण्याचं शिक्षण दिलं आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदतनिसांचं ज्ञान वाढलं, दृष्टी बदलली, वागणं सुधारलं. रुग्णांचं जेवण जास्त वेळ चालू लागलं. पण पोटात जाणाऱ्या अन्नाच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. चांगल्या शिकवणीने माणसं थांबायला, वाट पाहायला शिकली. तेवढ्याने ताट रिकामं झालं नाही. मग आणखी काय हवं, हा प्रश्न त्याने उघडा केला.

लिन यांनी पुढे त्याचं एक उत्तर रुग्णांच्या बाजूने शोधलं. मदतनिसाला शिकवतो तसं रुग्णालाही शिकवता येईल का? डिमेन्शिया झालेल्याला नवीन काही शिकवणं अशक्य, अशी सर्वसाधारण समजूत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कँप यांनी ती दोन मार्गांनी मोडून काढली होती. एक मार्ग असा: 'जेवणाची घंटा झाली की काय करायचं?' असा प्रश्न विचारायचा, उत्तर सांगायचं आणि करून घ्यायचं. मग तोच प्रश्न थोड्या वेळाने, मग त्याच्या दुप्पट वेळाने, मग त्याच्याही दुप्पट वेळाने. चुकलं तर मागच्या अंतरावर परत यायचं. आठवण म्हणून नव्हे तर सवय म्हणून उत्तर रुजतं. दुसरा मार्ग माँटेसोरी पद्धतीचा: चमच्याने धान्य एका वाटीतून दुसरीत टाकणं, पाणी ओतणं, पिळणं, चिमट्याने उचलणं. बालवाडीत जे हात घडवायला वापरतात तेच इथे हात टिकवायला. तैवानमधल्या तीन विभागांतल्या ८५ जणांवर लिन यांनी हे करून पाहिलं, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वॉटसन यांच्या मोजपट्टीवरचे त्रासाचे गुण कमी झाले.

मारिया माँटेसोरी १९३९ साली मद्रासला आल्या आणि युद्धाची वर्षं त्यांनी भारतातच काढली. महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी हे बालशिक्षण बोर्डी आणि कोसबाडपर्यंत, आदिवासी मुलांपर्यंत नेलं. वाट्या, दाणे आणि पाण्याचे पेले असलेलं ते साहित्य ज्यांनी बालवाडीत हाताळलं, त्यांच्यापैकी काहींच्या पुढ्यात ते आता पुन्हा येऊ शकतं.

दुसरं उत्तर मात्र पैशाशी आणि मनुष्यबळाशी येऊन थांबतं. सँड्रा सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तीन शुश्रूषागृहांतल्या ७४ रहिवाशांचा अभ्यास मांडला. प्रत्येकाजवळ बसून, आधी स्वतः जेवायला प्रोत्साहन देऊन, गरज पडेल तेवढीच मदत करत जेवू घातलं, तर निम्मे रहिवासी लक्षणीय जास्त जेवू लागले. यासाठी माणशी, जेवणागणिक ३८ मिनिटं लागली. नेहमीच्या व्यवस्थेत त्यांच्या वाट्याला येत होती ९ मिनिटं. तीन जेवणांचे मिळून हे जवळजवळ दोन तास होतात, तेही एका माणसाचे. ज्यांना जेवणाच्या वेळी फरक पडला नाही अशांना सिमन्स यांच्या गटाने नंतरच्या एका अभ्यासात दोन जेवणांच्या मध्ये, आवडीचा खाऊ समोर धरून मदत केली. दोन्ही उपाय धरले तर दहातले नऊ जण जास्त खाऊ लागले. एका मदतनिसाला तिघांच्या लहान गटात बसून हे काम काही प्रमाणात जमवता येतं, हेही त्यांनी दाखवलं. भूक मेली आहे असं ज्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फक्त कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने २००३ साली याचा एक मार्ग काढला. तोवर शुश्रूषागृहात भरवण्याचं काम परवानाधारक परिचारिका किंवा किमान ७५ तासांचं प्रशिक्षण झालेली साहाय्यिकाच करू शकत होती. नव्या नियमाने निव्वळ जेवणापुरत्या, पगारी मदतनिसांना परवानगी दिली. अट होती राज्याने मान्य केलेलं किमान ८ तासांचं प्रशिक्षण: भरवण्याची आणि पाणी पाजण्याची पद्धत, संवाद, रहिवाशाच्या वागण्याला योग्य प्रतिसाद, घास अडकला तर करायचा उपाय, संसर्ग टाळणं, रहिवाशाचे हक्क, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तर परिचारिकेला कळवणं. गिळायला त्रास असणारे, वारंवार अन्न छातीत जाणारे किंवा नळीने अन्न घेणारे रुग्ण यांच्या हाती द्यायचे नाहीत. आठ तास हे फार कमी आहेत, अशी टीका तेव्हा झाली आणि ती चुकीची नव्हती. तरी आठ तास शिकलेली, बसायला वेळ असलेली व्यक्ती ही नऊ मिनिटांत चार जणांकडे धावणाऱ्या व्यक्तीपेक्षा बरी, असं मला वाटतं.

बोलण्याचंही प्रशिक्षण लागतं. म्हाताऱ्या माणसाशी लहान मुलाशी बोलावं तसं हेल काढून, लाडिकपणे बोलण्याची खोड जगभर आहे. आपल्याकडेही 'आज्जी, आ करा बरं, शहाणं बाळ कोण' असं ऐकू येतंच. क्रिस्टीन विल्यम्स यांनी शुश्रूषागृहातल्या २० रहिवाशांच्या रोजच्या देखभालीचं चित्रीकरण तपासून २००९ साली दाखवलं की अशा बोलण्यानंतर रहिवाशाने विरोध करण्याची शक्यता ५५ टक्के होती आणि साध्या, मोठ्या माणसाशी बोलावं तशा बोलण्यानंतर २६ टक्के. शब्दांचा अर्थ लागत नसला तरी सूर कळतो. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला 'गुरुजी, पान वाढलंय' म्हटलं की पाठ ताठ होते, आणि गिळण्यासाठी ताठ पाठच हवी असते.

जेवणघराबद्दलचे काही शोध ऐकायला गमतीचे वाटतात, पण त्यांच्यामागे ठोस कारणं आहेत. २००४ साली बॉस्टन विद्यापीठातल्या अॅलिस क्रोनिन-गोलंब यांच्या गटाने प्रगत अल्झायमर असलेल्या नऊ पुरुषांना पांढऱ्याऐवजी गडद लाल ताटल्या आणि पेले दिले. खाणं २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. लाल रंगात जादू नव्हती, गडद निळ्यानेही काम केलं. फरक ठळकपणाचा होता. पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी एडवर्ड्स आणि अॅलन बेक यांनी जेवणघरात माशांची काचपेटी ठेवली, तेव्हाही रहिवाशांचं खाणं आणि वजन वाढलं. स्वीडनमध्ये जेवताना संगीत लावलं तर रहिवासी जास्त जेवले. त्यातली सगळ्यांत बोलकी नोंद अशी, की संगीत चालू असताना मदतनीसच पानात जास्त वाढत होते. जेवणघरातली शांतता आधी वाढणाऱ्याच्या हातात उतरली.

सुरक्षिततेबद्दल दोन अभ्यास प्रत्येक प्रशिक्षणात सांगायला हवेत. सुझन लँगमोर यांनी १९९८ साली दाखवलं की अन्न छातीत जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाचा सगळ्यांत पक्का अंदाज गिळण्याच्या दोषावरून येत नाही. तो माणूस भरवण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे का यावरून येतो. म्हणजे भरवणारा हात स्वतःच धोका ठरू शकतो, आणि म्हणूनच तो शिकलेला असला पाहिजे. त्याच यादीत कुजलेले दातही होते. जपानमध्ये ताकेयोशी योनेयामा यांनी ११ शुश्रूषागृहांत जेवणानंतर नियमाने तोंड आणि दात स्वच्छ करून घेतले. त्या गटात न्यूमोनिया ११ टक्क्यांना झाला, नेहमीच्या गटात १९ टक्क्यांना. छातीत जाणारी लाळ स्वच्छ असेल तर नुकसान कमी. दात घासणं हा भरवण्याचाच शेवटचा घास धरायला हवा.

अन्नाच्या घट्ट-पातळपणासाठी आता शून्य ते सात अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे, आणि तिच्या चाचण्या स्वयंपाकघरात करता येतात. १० मिलिलिटरच्या सिरिंजमधून पातळ पदार्थ १० सेकंद वाहू द्यायचा आणि किती उरला ते पाहायचं. मऊ तुकडा काट्याखाली, अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतक्याच जोराने दाबायचा. तो चिरडला पाहिजे आणि जोर काढल्यावर मूळ आकाराला येता कामा नये. पातळ आणि घट्ट यांचं मिश्रण सगळ्यांत अवघड. आपल्याकडची पातळ आमटी आणि त्यात मोकळी शितं हा असाच प्रकार: पाणी आधी घशात उतरतं, शितं मागे राहतात. गुरगुट्या भात घोटून, एकजीव करून देणं जास्त सुरक्षित. चुरमुरे, शेंगदाणे, कोरडे पोहे यांपासून सांभाळून राहावं.

भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने साठीपुढच्या डिमेन्शियाग्रस्तांची संख्या सुमारे ८८ लाख, म्हणजे त्या वयातल्या ७.४ टक्के, इतकी काढली. त्यांतले बहुतेक घरीच आहेत. त्यांना भरवतात सुना, मुली, जोडीदार, आणि पुण्या-मुंबईत ब्युरोकडून आलेल्या मावशी. अंघोळ, औषधं, डायपर यांबद्दल त्यांना थोडंफार सांगितलं जातं. भरवणं तर सगळ्यांनाच येतं, असं धरलं जातं. त्या मावशींना पहिल्या दिवशी कुणी एक तास शेजारी बसून हे दाखवावं, असं मनापासून वाटतं. आपल्याकडे एक गोष्ट मात्र अनुकूल आहे. पाश्चात्त्य शुश्रूषागृहांत चमचा-काटा जमेनासा झाला की हाताने उचलून खायचे पदार्थ मुद्दाम द्यावे लागतात. आपली ही पिढी आयुष्यभर हातानेच जेवली आहे. भाकरीचा तुकडा मोडून बोटांत दिला, इडलीची फोड हातात ठेवली, तर हाताला आपलं काम चमच्यापेक्षा लवकर आठवण्याचा संभव आहे. सांडेल, कपडे खराब होतील. ते धुता येतात.

शेवटी एक वेळ येते जेव्हा उत्तम भरवणाऱ्यालाही यश येत नाही. तेव्हा नाकातून किंवा पोटातून नळी घालण्याचा प्रश्न कुटुंबापुढे ठेवला जातो, आणि आपल्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं, या विचाराने 'हो' म्हटलं जातं. १९९९ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात टॉमस फिनुकेन आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध पुरावा तपासला. प्रगत डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं, न्यूमोनिया टळतो किंवा माणूस सुखात राहतो, असं त्यांना कुठेच दिसलं नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०१४ साली स्पष्ट सांगितलं की अशा रुग्णांना नळी सुचवू नये, काळजीपूर्वक हाताने भरवावं. नळी असलेली माणसं ती ओढून काढतात, मग त्यांचे हात बांधले जातात, आणि अंथरुणाला खिळून जखमा होतात. प्रगत अवस्थेतल्या अमेरिकी शुश्रूषागृह-रहिवाशांमध्ये नळी घालण्याचं प्रमाण २००० साली ११.७ टक्के होतं, ते २०१४ पर्यंत ५.७ टक्क्यांवर आलं.

पण 'नळी नको' एवढं लिहिलं की कुटुंबाला आणि कधी मदतनिसांनाही ते 'आता काही करायचं नाही' असं वाचता येतं. म्हणून एरिक पालेचेक, जोन टेनो, मिचेल आदींनी २०१० साली एक वेगळा आदेश सुचवला: 'फक्त आरामासाठी भरवणं.' त्यात काय करायचं ते लिहायचं असतं. कोणती चव या माणसाला आवडते, ती किती घट्ट असावी, कुठल्या बाजूने द्यावी, तो जागा असेल त्या वेळी हळूहळू घास द्यायचे, आणि कोणती खूण दिसली की थांबायचं: ठसका, ओलसर श्वास, कपाळावरची आठी, वळवलेली मान. पोटात किती गेलं याची मोजणी तिथे सोडून देतात. घास घेणंच बंद झालं तरी मदतनिसाची वेळ रद्द होत नाही. त्या वेळी ती तोंड ओल्या कापसाने पुसते, ओठांना मऊपणा येईल असं काही लावते, हात हातात घेऊन बोलते, आणि हे केल्याची नोंद जेवणाच्या रकान्यात करते.